डोळ्यांभोवती ‘काय लावू?’ नव्हे, ‘काय थांबवू?’

शिवणकाम करणाऱ्या एक ताई तपासायला आल्या होत्या. वय ४२. तक्रार साधी, सुईत दोरा ओवता येत नाही. या वयात चाळिशीचा चष्मा लागतोच, तेव्हा नंबर काढून द्यावा आणि पाठवावे, असेच वाटले. पण चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांतला दाब मोजायचा, हा आमचा शिरस्ता. त्यांचा दाब निघाला उजवीकडे ३२ आणि डावीकडे ३०. सर्वसाधारणपणे तो १० ते २१ च्या दरम्यान असतो. बाहुली मोठी करून आतून पाहिले, तर दोन्ही डोळ्यांच्या नसांना इजा झालेली. काचबिंदू. घरात कोणाला हा आजार नाही, डोळ्याला कधी मार लागलेला नाही.

“कुठलं औषध चालू आहे का?” मी विचारले.

“नाही हो डॉक्टर, गोळीबिळी काही नाही. पापण्यांना खाज सुटते ना, तेव्हा एक मलम लावते. तेवढंच.”

ते ‘तेवढंच’ पर्समध्येच होते. यजमानांच्या नायट्यासाठी कधीतरी मेडिकलमधून आणलेली ट्यूब. तिच्यात बुरशीवरचे औषध, जंतूंवरचे औषध आणि त्यांच्या जोडीला क्लोबेटासॉल, म्हणजे अतितीव्र गटातले स्टिरॉइड. नायटा राहिला बाजूला, ताईंनी ते पापण्यांवर लावून पाहिले आणि एका रात्रीत खाज थांबली. मग अडीच वर्षे, आठवड्यातून तीन-चार वेळा, तेच चालू. ट्यूब संपली की मेडिकलमधून नवी. दुकानदाराने एकदाही विचारले नाही, ‘कुठे लावता?’

डोळ्यांभोवती खाज, लाली, कोरडेपणा किंवा सूज ही तक्रार घेऊन रोज कोणी ना कोणी दवाखान्यात येते. त्वचारोगतज्ज्ञांकडे याहून जास्त जात असतील. जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “डॉक्टर, काय लावू?” माझे म्हणणे असे, की या जागेपुरता हा प्रश्नच उलटा आहे. डोळ्यांभोवतीची त्वचा चिडते, ती बहुतेक वेळा तिला काहीतरी जास्त मिळाले म्हणून. तेव्हा आधी विचारायला हवे, ‘काय थांबवू?’ आणि ज्या मलमाने नजर जाऊ शकते, ते विकताना, लिहून देताना आणि विकत घेताना आपण सगळेच जो ढिलेपणा करतो, तोही थांबायला हवा.

ही जागाच वेगळी

पापणीची त्वचा ही शरीरातली सर्वांत पातळ त्वचा. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिच्याखाली चरबीचा थर जवळपास नाहीच. खालची ऊती सैल असल्याने थोडेसे पाणी साठले तरी पापणी टम्म फुगते. म्हणून रात्री रडून झोपलेल्या माणसाचे डोळे सकाळी सगळ्या घराला कळतात. त्यात ही त्वचा कधी स्वस्थ नसते. मिनिटाला साधारण पंधरा वेळा आपण पापणी लववतो. शिवाय दिवसातून कितीदा आपला हात डोळ्याकडे जातो, याचा हिशेब आपल्यालाच नसतो.

पातळ त्वचा म्हणजे तिच्यावर जे पडेल ते लवकर आत जाणार. १९६७ मध्ये फेल्डमन आणि मायबाख या अमेरिकी संशोधकांनी हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टिरॉइड शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर लावून ते किती शोषले जाते ते मोजले. हाताच्या कोपरापुढच्या भागातून जेवढे शोषले गेले, त्याच्या सहा पट कपाळातून आणि तेरा पट जबड्याच्या कोपऱ्यावरून. तळपायातून मात्र फक्त सातवा हिस्सा. म्हणजे तळपायाच्या भेगांवर चालणारे मलम चेहऱ्यावर लावले, तर ते औषध तेवढेच राहत नाही, कितीतरी पटींनी वाढते. एकच ट्यूब सगळ्या घरासाठी आणि सगळ्या अंगासाठी वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवे.

दोषी वस्तू अनेकदा दुसरीकडेच

पापण्यांना त्रास होतो म्हटल्यावर आपण काजळ, आयलायनर, डोळ्यांची क्रीम यांच्याकडे बोट दाखवतो. ते चूक नाही. पण या जागेची गंमत अशी, की तिला छळणारी वस्तू बऱ्याचदा पापणीवर लावलेलीच नसते.

नेलपॉलिशचे उदाहरण घ्या. तिच्यातल्या रेझिनचे वावडे असलेल्या बाईची बोटे, नखे ठणठणीत असतात, कारण नख जाड. तीच बोटे दिवसभर डोळ्यांना लागतात आणि पुरळ उठते पापणीवर. हेअर डायचेही तसेच. बहुतेक काळ्या डायमध्ये पॅराफेनिलिनडायअमिन नावाचे रसायन असते. झटपट रंगणाऱ्या ‘काळ्या मेंदी’तही ते मिसळलेले आढळते. डोक्याची त्वचा जाड, ती निभावून नेते. पण केस धुताना तेच पाणी कपाळावरून पापण्यांवर ओघळते आणि दोन दिवसांनी डोळे सुजतात. शाम्पू, केसांचे सुगंधी तेल, दाढीनंतरचे लोशन, नवऱ्याने मारलेला आणि उशीच्या अभ्र्याला लागलेला परफ्यूम, चष्म्याच्या फ्रेममधले निकेल, खोट्या पापण्यांचा गोंद अशी ही यादी लांबवता येईल.

डोळ्यांत घालायचे थेंबही यातून सुटत नाहीत. निओमायसिन हे जुने प्रतिजैविक आणि थेंब टिकावेत म्हणून घातलेले काही पदार्थ यांचीच अनेकांना बाधा होते. डोळे लाल म्हणून थेंब, थेंबांमुळे पापण्या लाल, म्हणून आणखी थेंब, असे चक्र सुरू होते. मेकअप पुसायच्या ओल्या रुमालांचीही हीच कथा. त्यांतल्या मिथाइलआयसोथायझोलिनोन या टिकाऊपणासाठी घातलेल्या रसायनाने इतक्या लोकांना त्रास झाला, की युरोपीय संघाने २०१७ पासून त्वचेवर तसेच राहू द्यायच्या प्रसाधनांत त्याच्या वापरावर बंदी घातली.

आपल्याकडे आणखी एक आरोपी आहे, तो हवेतून येतो. गाजरगवत. भारतात हे तण ठळकपणे नजरेस आले ते आपल्या पुण्यात, १९५५ च्या सुमारास. आज रेल्वेच्या कडेला, पडीक शेतात, बांधावर ते नाही असे गाव शोधावे लागेल. त्याच्या पानाफुलांच्या वाळलेल्या भुकटीतले पार्थेनिन हवेतून चेहऱ्यावर बसते. शेतावर किंवा मोकळ्यावर काम करणाऱ्या माणसाच्या पापण्या, मानेच्या वळ्या, कानामागचा भाग आणि कोपराची आतली घडी एकाच वेळी खाजू लागली, तर आधी या गवताची आठवण व्हायला हवी. अशी माणसे वर्षानुवर्षे ‘उन्हाची अॅलर्जी’ समजून मलमे बदलत राहतात आणि पुन्हा त्याच बांधावर जातात.

कारण सापडत नाही, यालाही कारण आहे. अशी अॅलर्जी लगेच उमटत नाही. वस्तू लागल्यानंतर एक ते तीन दिवसांनी पुरळ येते. रविवारी डाय लावला आणि मंगळवारी डोळे सुजले, तर माणूस सोमवारी काय खाल्ले ते आठवत बसतो. बिचाऱ्या वांग्यावर आळ येतो. दुसरे असे, की वर्षानुवर्षे चाललेल्या वस्तूचेही एके दिवशी वावडे सुरू होते. “इतकी वर्षं हीच डाय लावतेय, कधी काही झालं नाही,” हे वाक्य निर्दोषत्वाचा पुरावा नव्हे. उलट शरीराला एखाद्या पदार्थाची ‘ओळख’ पटून त्याविरुद्ध पवित्रा घ्यायला असा वारंवार संपर्कच लागतो.

आणि ‘नैसर्गिक आहे, त्याने काय होणार?’ या समजुतीचे काय? गाजरगवतही नैसर्गिकच आहे. लिंबाचा रस, कांद्याचा रस, तुरटी, कडुनिंबाचे तेल, हळदीचा लेप, रांजणवाडीवर उगाळून लावलेली लवंग हे सगळे पापणीवर चुरचुरते. काहींना भाजते, काहींना वावडे होते. पारंपरिक सुरम्याची तर गोष्टच वेगळी. तो अनेकदा शिशाच्या खनिजापासून करतात आणि शिसे मुलांच्या मेंदूला घातक असते. बाळाच्या डोळ्यांत काजळ-सुरमा घालू नये, हे आजीला समजावणे अवघड जाते खरे, पण समजावायला हवे.

प्रत्येक खाज अॅलर्जी नसते

पापण्यांच्या कडांना कोंड्यासारख्या खपल्या, सकाळी चिकटलेले केस, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी टोचणी असेल, तर तो पापण्यांच्या कडांचा दाह असतो. अशा माणसांच्या डोक्यातही बहुधा कोंडा असतो. येथे मलमापेक्षा कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या स्वच्छ कापडाचा पाच-दहा मिनिटे शेक आणि कडांची हलकी सफाई हाच उपचाराचा पाया. घरात दमा, सततच्या शिंका, लहानपणचा एक्झिमा असा वारसा असेल, तर डोळ्यांभोवतीची त्वचा मुळातच कोरडी आणि हळवी असते. ही माणसे डोळे फार चोळतात. चोळल्याने त्वचा जाड आणि काळी पडते. मग त्या ‘काळ्या वर्तुळां’साठी नवी क्रीम येते. सतत चोळण्याचा संबंध बुबुळ शंकूसारखे पुढे येण्याच्या आजाराशीही आहे, म्हणून मुलांची ही सवय वेळीच मोडावी.

पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा, मोठ्या मुंगीसारखा दिसणारा लाल-काळा किडा अनेकांना माहीत असतो. तो चावत नाही. पण झोपेत अंगावर चिरडला गेला, तर त्याच्या शरीरातल्या पेडेरिन या द्रवाने दुसऱ्या दिवशी त्वचा भाजल्यासारखी होते. तोच हात डोळ्याला लागला की पापणी सुजते. किडा चिरडू नका, फुंकर मारून उडवा आणि ती जागा साबणाने धुवा.

जादूच्या मलमाची किंमत

आता ताईंच्या ट्यूबकडे वळू. स्टिरॉइड हा शब्द मी शिवीसारखा वापरत नाही. १९५२ मध्ये सुल्झबर्गर आणि विटेन यांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून दाखवले आणि त्वचारोगांचे उपचारच बदलले. त्याआधी डांबर आणि लेपांवर दिवस काढणाऱ्या रुग्णांना खरा आराम मिळाला. आजही पापणीचा एक्झिमा फार भडकला, तर डॉक्टर सौम्य स्टिरॉइड मोजक्या दिवसांसाठी देतात आणि ते योग्यच असते.

अडचण अशी, की स्टिरॉइड कुठलीही लाली दाबते. कारण कोणतेही असो, ते लावले की रात्रीत बरे वाटते. म्हणून कारण शोधायची गरजच वाटत नाही. मलम थांबवले की त्रास परत येतो, अनेकदा आधीपेक्षा जास्त. मग माणूस समजतो, ‘मला याच्याशिवाय चालत नाही.’ त्वचा आणखी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, ऊन आणि पाणीही सोसत नाही. चेहऱ्यावरच्या या अवस्थेला २००८ मध्ये भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनीच ‘टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस’ असे नाव दिले. आपल्या देशात हा प्रश्न किती मोठा आहे, हे त्यावरून समजावे. गोरेपणासाठी विकल्या जाणाऱ्या, स्टिरॉइड मिसळलेल्या क्रीमचा यात मोठा वाटा आहे.

डोळ्यांभोवती लावलेले मलम तिथेच थांबत नाही. पातळ त्वचेतून ते आत शोषले जाते आणि पापणीच्या कडेवरून अश्रूंतही उतरते. डोळ्यात एक द्रव सतत तयार होतो आणि एका बारीक जाळीतून निचरा होऊन बाहेर जातो. स्टिरॉइडमुळे ही जाळी तुंबते, आतला दाब वाढतो आणि डोळ्याची नस दबत जाते. स्टिरॉइडचे थेंब काही आठवडे घातले, तर साधारण तिघांपैकी एकाचा दाब वाढतो आणि शंभरातल्या चार-सहा जणांचा तर फारच वाढतो. मलमाचा धोका थेंबांपेक्षा कमी असला, तरी ते पापणीवर महिनोन् महिने लावले, तर वाट तीच. दुखत नाही, डोळा लाल होत नाही. आधी कडेची नजर जाते आणि समोरचे नीट दिसत असल्याने पत्ता लागत नाही. गेलेली नजर कुठल्याही औषधाने वा शस्त्रक्रियेने परत येत नाही. जोडीला कमी वयात मोतीबिंदूही होऊ शकतो, पण तो निदान काढता येतो.

मुलांबाबत तर अधिकच सावध राहावे. उन्हाळा आला की काही मुलांचे डोळे अॅलर्जीने लाल होतात, प्रचंड खाजतात. डॉक्टर दहा दिवसांसाठी थेंब देतात. आराम पडतो. पुढच्या वेळी आई तीच जुनी चिठ्ठी दाखवून बाटली आणते. तिच्या पुढच्या वेळी चिठ्ठीही लागत नाही. ‘कडेचं दिसत नाही’ असे दहा वर्षांचे मूल सांगू शकत नाही.

कायदा आहे, प्रश्न विचारला जात नाही

पूर्वी बाहेरून लावायच्या स्टिरॉइड मलमांना चिठ्ठीच्या नियमातून सूट होती. मार्च २०१८ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १४ स्टिरॉइडांची ही सूट काढून घेतली. म्हणजे आज क्लोबेटासॉल, मोमेटासोन यांसारखी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकणे नियमबाह्य आहे. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने या गैरवापराविरुद्ध खास कृतिगटही नेमला. तरी तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर जाऊन ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणा. काय मिळते ते पाहा.

दोष फक्त दुकानदाराला देणे मला पटत नाही. आम्ही डॉक्टरही चिठ्ठीवर ‘दिवसातून दोनदा लावा’ लिहितो, पण ‘किती दिवस’ आणि ‘कुठे लावू नका’ हे लिहायचे राहते. कंपन्या इशारे छापतात, पण मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत आणि इंग्रजीत. आणि आपण घरोघरी ट्यूब वाणासारख्या वाटतो. ‘मला गुण आला, तूही लावून बघ.’

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो खरा आहे. तालुक्याच्या गावात त्वचारोगतज्ज्ञ नसतो. असला तरी त्याची फी, एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज यांचा हिशेब घातला, की २०-३० रुपयांची ट्यूब स्वस्त वाटणारच. मेडिकलवाला हाच गरिबाचा डॉक्टर, हे वास्तव नाकारून चालणार नाही. म्हणूनच माझी मागणी केवळ ‘बंद करा’ अशी नाही. दुकानदाराने निदान दोन प्रश्न विचारावेत: ‘कुठे लावणार?’ आणि ‘किती दिवसांपासून लावता?’ उत्तर डोळे किंवा चेहरा असेल, तर ट्यूब न देता डॉक्टरकडे पाठवावे. ट्यूबवर ठळक मराठीत ‘डोळ्यांभोवती लावू नये’ असे छापायला काय हरकत आहे? प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकांना आणि आशाताईंना या चार-पाच औषधांची नावे ओळखायला शिकवणे अवघड नाही. आणि कारण शोधून देणारी पॅच टेस्ट निदान जिल्हा रुग्णालयात तरी मिळायला हवी.

ही चाचणी काही नवलाईची नाही. योझेफ याडासोन या डॉक्टरांनी ती १८९५ मध्ये मांडली. संशयित पदार्थांच्या छोट्या चकत्या पाठीवर चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात, तेव्हा आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहतात. कुठे लाली उठली त्यावरून वावडे कशाचे ते कळते. एकदा ते नाव कळले, की जन्मभराची मलमे वाचतात.

मग करायचे काय?

त्रास सौम्य असेल, नजर स्वच्छ असेल, तर दोन ते तीन आठवडे ‘थांबवण्याचा’ प्रयोग करा. डोळ्यांभोवतीच्या सगळ्या क्रीम, काजळ, मेकअप, घरगुती लेप बंद. नेलपॉलिश काढा. केसांचा रंग पुढे ढकला. चेहरा साध्या गार किंवा कोमट पाण्याने धुवा, पापण्यांना साबण नको. टॉवेलने घासू नका, टिपा. खाज सुटली की स्वच्छ कापड गार पाण्यात भिजवून पाच मिनिटे ठेवा. कोरडेपणासाठी सुगंध नसलेली साधी पेट्रोलियम जेली, बोटाच्या टोकावर मावेल एवढीच. नखे कापलेली ठेवा.

त्वचा शांत झाली, की एकेक वस्तू परत सुरू करा. दोन वस्तूंमध्ये आठवडाभर अंतर ठेवा. नवी क्रीम असेल, तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहा. हेअर डायच्या पाकिटावर वापरण्यापूर्वी ४८ तास चाचणी करा असे लिहिलेले असते. ती सूचना पाळणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. मात्र एकदा डायची जोरदार प्रतिक्रिया आलेली असेल, तर घरी पुन्हा चाचणी नकोच.

महिनोन् महिने स्टिरॉइड मलम लावले असेल, तर स्वतःच्या मनाने एकदम सोडू नका. त्रास उसळून येतो आणि माणूस हरून पुन्हा ट्यूब उघडतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते कमी करता येते. टॅक्रोलिमससारखी स्टिरॉइड नसलेली औषधे त्यासाठी आहेत. ती सुरुवातीला थोडी चुरचुरतात, हे आधीच माहीत असलेले बरे. आणि डोळ्यांतला दाब एकदा नक्की मोजून घ्या. दोन मिनिटांचे काम आहे.

काही लक्षणांत मात्र प्रयोग नको, लगेच डॉक्टर गाठावा. डोळा दुखणे, धूसर दिसणे, उजेड सहन न होणे. ताप येऊन एकाच डोळ्याची पापणी गरम, सुजलेली असणे किंवा डोळा हलवताना दुखणे. कपाळाच्या एका बाजूला, विशेषतः नाकाच्या शेंड्यावर पाण्याचे फोड येणे. ती नागीण असू शकते आणि ती डोळ्यात उतरू शकते. खाज नसताना रोज सकाळी दोन्ही पापण्या सुजत असतील, तर मूत्रपिंड आणि थायरॉइडची तपासणी हवी. पापणीवरची न भरणारी जखम किंवा गाठ, जिथले केस गळले आहेत, तीही दाखवायलाच हवी.

त्या ताईंचे पुढे काय झाले? बरीच विचारपूस केल्यावर कळले, की पापण्यांची खाज दर महिन्याला केस रंगवल्यानंतर दोन दिवसांनी वाढायची. त्यांनी डाय सोडली. त्वचारोगतज्ज्ञांच्या मदतीने मलमही सुटले. दोन महिन्यांत पापण्या स्वच्छ झाल्या. डोळ्यांतला दाब थेंबांनी आटोक्यात आहे. पण कडेची जी नजर गेली ती गेली. रस्ता ओलांडताना आता त्यांना मान पूर्ण वळवून पाहावे लागते. शिवणयंत्र चालू आहे, केस पांढरे आहेत.

मागच्या वेळी आल्या तेव्हा सोबत त्यांची जाऊ होती. तिच्याही पर्समध्ये तशीच ट्यूब. तिला ती या ताईंनीच दिली होती, दोन वर्षांपूर्वी. जावेचा दाब मोजला, तो १६ निघाला. दोघींच्याही चेहऱ्यावरचा ताण उतरला.

आज रात्री घरातला औषधांचा डबा उघडा आणि ट्यूबवरची नावे वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन. यांपैकी एखादे नाव दिसले, तर घरातल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: ‘हे तू डोळ्यांजवळ कधी लावतोस का?’ मेडिकलच्या काउंटरवर तो विचारला जात नाही, तोवर घरात तरी विचारला जाऊ द्या.